पंचनामा नंतर, यादी आधी!

मे महिना सरत आला की जिल्हाधिकारी कार्यालयात पूरपूर्व आढाव्याची बैठक होते. होड्या किती, पट्टीचे पोहणारे किती, निवारा केंद्रांसाठी शाळा कोणत्या, जनावरांच्या चाऱ्याची सोय काय, याचा हिशेब मांडला जातो. हे सारे आवश्यकच आहे. परंतु त्या बैठकीत आणखी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय या नद्यांच्या काठावर ज्यांचे मातीचे घर आहे, ज्यांच्या घरात आठ दिवसांचे धान्य आणि हाताशी दोन हजार रुपयेही नसतात, अशा कुटुंबांची गावनिहाय यादी आज, पाऊस पडण्याआधी, तयार आहे काय? त्यांचे बँक खाते चालू आहे की बंद, हे कोणी तपासले आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचे सारे ठरलेले आहे. पाणी चढणार, माणसे शाळेत नेऊन बसवली जाणार, पाणी ओसरल्यावर तलाठी येणार, पंचनामे होणार, कागदपत्रे मागितली जाणार आणि मदत खात्यात पडेपर्यंत दसरा-दिवाळी येणार. वरातीमागून घोडे ही म्हण आपल्या आपत्ती व्यवस्थापनाला जशीच्या तशी लागू पडते. या पद्धतीला पर्याय आहे आणि त्यासाठी लागणारी बहुतेक माहिती सरकारच्या कपाटात, म्हणजे आता संगणकात, पडून आहे, हेच या लेखात मांडायचे आहे.

सरकारला आपण ठाऊक आहोत

एरवी सरकारला आपल्या घरातील चुलीपर्यंतची माहिती असते. रेशनकार्डावर घरात माणसे किती, त्यांची वये काय, कार्ड अंत्योदय की बीपीएल, हे लिहिलेले आहे. विधवा, वृद्ध आणि अपंग यांना मिळणाऱ्या वेतनाच्या याद्या तालुक्याच्या कचेरीत आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या गृहलक्ष्मी योजनेत घरातील कर्त्या स्त्रीच्या खात्यावर दरमहा २,००० रुपये जमा करण्याची व्यवस्था झाली आणि त्यासाठी एक कोटीहून अधिक महिलांची खाती जोडली गेली. हप्ते रखडतात ही तक्रार खरी आहे, पण खाते कोणते आणि ते कोणाचे, हे सरकारला ठाऊक झाले हेही तेवढेच खरे. शेतकऱ्यांची नोंद ‘फ्रूट्स’ या प्रणालीत आहे आणि ती ‘भूमी’च्या उताऱ्याशी जोडलेली आहे. या सगळ्या याद्या एकत्र आणणारी ‘कुटुंब’ नावाची माहिती-व्यवस्थाही कर्नाटक सरकारने उभी केली असून, रेशनकार्डाचा क्रमांक हाच तेथे कुटुंबाचा ओळख क्रमांक धरला जातो.

याद्यांवरून पैसा किती लवकर हलू शकतो, हेही आपण पाहिले आहे. २०२० च्या टाळेबंदीत केंद्र सरकारने जनधन खाती असलेल्या सुमारे २० कोटी महिलांच्या खात्यांवर तीन महिने दरमहा ५०० रुपये टाकले. रक्कम तुटपुंजी होती. परंतु त्यासाठी कोणाला अर्ज भरावा लागला नाही की तलाठ्याचा दाखला आणावा लागला नाही. जुलै २०२३ मध्ये जादा तांदूळ मिळेना, तेव्हा कर्नाटक सरकारने अन्नभाग्य योजनेत माणशी ५ किलो तांदळाऐवजी १७० रुपये खात्यावर द्यायला सुरुवात केली आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ही पद्धत चालवली. म्हणजे रेशनची यादी थोड्या अवधीत पैसे पोचवण्याची यादी झाली. तांदूळ मिळाला नाही तर जे करता येते, ते घर पाण्यात गेले तर का करता येऊ नये?

२०१९ ने काय शिकवले

ऑगस्ट २०१९ चा महापूर या भागातील कोणीही विसरणार नाही. निपाणी-चिक्कोडीपासून अथणीपर्यंत कृष्णाकाठ, गोकाकला घटप्रभा, खानापूर ते रामदुर्ग मलप्रभा आणि खुद्द बेळगाव शहर, असा सारा जिल्हा एकाच वेळी पाण्यात होता. त्या वेळी राज्यात मुख्यमंत्री येडियुरप्पा यांच्याखेरीज मंत्रीच नव्हते. मंत्रिमंडळाचा विस्तार २० ऑगस्टला झाला. सरकारने पूरग्रस्त कुटुंबाला तातडीचे १०,००० रुपये आणि पूर्ण पडलेल्या घरासाठी ५ लाख रुपये जाहीर केले. रक्कम पाहता ही घोषणा वाईट नव्हती. अडचण आली ती ‘पूरग्रस्त कोण’ हे ठरवण्यात.

पुराच्या गावात काम केलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला या अडचणी तोंडपाठ आहेत. एका छपराखाली तीन भावांच्या तीन चुली असतात, पण घरपट्टी थोरल्याच्या नावावर असते. मग मदत एक की तीन? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराचा संसार वाहून जातो, पण घर त्याचे नसल्याने पंचनाम्यात त्याचे नाव येत नाही. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी ओसरून ऊन पडल्यावर दहा-बारा दिवसांनी बसतात. तोवर तलाठी ‘अंशतः पडझड’ लिहून गेलेला असतो. मग वर्ग ‘अ’ की ‘ब’ की ‘क’, यासाठी हेलपाटे सुरू होतात. ज्याची ओळख आहे त्याचा कागद पुढे सरकतो आणि ज्याची नाही त्याचा फायलीत राहतो.

उशीर झाला तर काय बिघडते, असे कोणी विचारील. पुराच्या पहिल्या पंधरवड्यातच गरीब घराचे पुढच्या पाच वर्षांचे भवितव्य ठरते. हातात पैसा नसला की दुभती म्हैस मिळेल त्या भावाने विकली जाते. बचत गटाचा आणि मायक्रोफायनान्सचा हप्ता थकतो आणि तो फेडायला दुसरे कर्ज काढले जाते. या कर्जांच्या वसुलीचा जाच किती वाढला होता, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला, यावरूनच दिसते. थोरली मुलगी शाळा सोडून घरी बसते. नंतर चार महिन्यांनी खात्यावर पैसे आले तरी म्हैस परत येत नाही आणि मुलगीही शाळेत परतत नाही. पहिल्या आठवड्यातले ५,००० रुपये हे चौथ्या महिन्यातल्या २५,००० रुपयांपेक्षा मोलाचे असतात, ही गोष्ट संसार करणाऱ्या कोणत्याही बाईला सांगावी लागत नाही.

यादी नसली की काय होते

ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत अतिवृष्टी झाली. आपले अनेक मराठी बांधव पिढ्यान्‌पिढ्या त्या शहरात राहतात. तेलंगणा सरकारने पूरग्रस्त कुटुंबाला १०,००० रुपये देण्याचे ठरवले. सुरुवातीला ही रक्कम कर्मचाऱ्यांमार्फत घरोघर रोख वाटली गेली. लगेच तक्रारी आल्या की पुढाऱ्यांच्या मर्जीतल्यांना पैसे मिळाले, काही ठिकाणी मधल्यांनी वाटा काढून घेतला आणि खरे बुडालेले राहून गेले. मग ‘मी-सेवा’ केंद्रांत अर्ज घ्यायला सुरुवात झाली. पूर येऊन महिना उलटल्यावर बायकामाणसे पहाटेपासून रांगेत उभी राहू लागली. तेवढ्यात महापालिकेची निवडणूक आली आणि १८ नोव्हेंबरला राज्य निवडणूक आयोगाने वाटप थांबवायला सांगितले.

पैसा होता, जाहीर झाला होता, देण्याची इच्छाही होती. नव्हती ती आधी केलेली, सर्वांनी पाहिलेली, कोणत्या वस्तीत कोण राहते हे सांगणारी यादी. यादी नसली की तिची जागा पुढारी घेतो, हा या प्रकरणाचा धडा आहे.

आणि यादी असली की?

याच्या उलट उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २०२३ साली पाऊस दगा देऊन गेला आणि कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले. केंद्राची मदत येईना, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पहिला हप्ता म्हणून शेतकऱ्यांना २,००० रुपयांपर्यंत रक्कम दिली. ‘फ्रूट्स’मधील नोंद, उतारा आणि पीक पाहणी यांचा मेळ घालून ही रक्कम थेट खात्यावर गेली. केंद्राकडून ३,४५४ कोटी रुपये मंजूर व्हायला एप्रिल २०२४ उजाडला आणि तेही राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेल्यानंतर. ती रक्कमही याच वाटेने वाटली गेली. दिल्ली आणि बंगळूर यांच्यातील राजकारणावर हवे ते मत असो, पण यादी तयार असल्यामुळे पैसा हाती आल्यावर तो वाटायला पुन्हा सहा महिने लागले नाहीत, हे मान्य करावे लागेल.

मात्र याच उदाहरणात यादीचा दोषही उघडा पडतो. ‘फ्रूट्स’ ही जमिनीच्या मालकांची यादी आहे. दुष्काळात मालकाचे पीक जाते, तसे मजुराचे कामही जाते. त्याच्या नावावर उतारा नाही, म्हणून तो त्या यादीत नाही. तोंडी बोलीवर वाट्याने शेत करणारा नाही. नवरा गेल्यावर वारसा नोंद न झालेली विधवा नाही. ज्याची जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे, तो नातूही नाही. म्हणजे जो जितका दुबळा, तितका तो यादीपासून दूर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

जुन्या पद्धतीला या बाबतीत एक सोय होती. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने जी रोजगार हमीची कामे काढली, तेथे यादी लागत नव्हती. ज्याला गरज तो कामावर येई, खडी फोडी आणि मजुरी नेई. गरजूची निवड कामच करीत असे. परंतु पुरात खडी कोठे फोडणार? म्हातारी माणसे, बाळंतीण, अपंग यांना कामाच्या हमीचा उपयोग काय? आता पाऊस पंधरा दिवसांचा दोन दिवसांत पडतो, उन्हाळ्यात दुपारची मजुरी अशक्य होते. अशा आपत्तीत माणूस मदतीपर्यंत चालत येऊ शकत नाही. मदतच त्याच्यापर्यंत जावी लागते आणि त्यासाठी तो कोठे राहतो हे आधी ठाऊक असावे लागते.

पाणी कोल्हापुरात चढले की

बाहेरच्या दोन देशांनी या कामात जी वाट काढली, ती आपल्याला उपयोगी आहे. केनियाच्या उत्तरेला तुर्काना, मार्साबित, वाजीर आणि मांडेरा हे चार दुष्काळी जिल्हे आहेत. तेथील सरकारने केवळ गरीबांचीच नव्हे, तर जवळजवळ सर्वच कुटुंबांची नोंद करून त्यांची खाती आधीच उघडली. एरवी सुमारे एक लाख अतिगरीब कुटुंबांना नियमित रक्कम मिळते. उपग्रहावरून गवत-झुडपांची स्थिती पाहिली जाते आणि एखाद्या भागात ती ठरलेल्या पातळीखाली गेली की त्या भागातील आणखी कुटुंबांना जादा हप्ता जातो. त्यासाठी मंत्र्याचा दौरा लागत नाही, कारण नियम आधीच लिहिलेला असतो.

बांगलादेशात जुलै २०२० मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले गेले. जमुना नदीला मोठा पूर येणार असा अंदाज मिळताच कुरीग्रामसारख्या जिल्ह्यांतील गरीब कुटुंबांना संयुक्त राष्ट्रसंघाच्या निधीतून प्रत्येकी ४,५०० टका मोबाईलवर पाठवले गेले. आणि तेही पुराने उच्चांक गाठण्याआधी. त्या पैशांतून लोकांना धान्य भरता आले, जनावरे उंचावर हलवता आली.

आपल्याकडे असा आगाऊ इशारा मिळत नाही काय? मिळतो. कृष्णेचा पूर आपल्याला न सांगता येत नाही. कोयना, वारणा आणि पंचगंगा यांचे पाणी उतरून मगच ते राजापूरच्या बंधाऱ्यावरून कर्नाटकात येते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे पावसाळ्यात निपाणी-चिक्कोडीतील शाळकरी पोरालाही माहीत असते. पाणी तेथे चढले की खाली कल्लोळ-येडूरचा पूल बुडणार, हे आपण दर वर्षी पाहतो. गोकाकसाठी हिडकल धरणाचा विसर्ग आणि रामदुर्गसाठी नविलुतीर्थाचा विसर्ग हीच सूचना आहे. खानापूरच्या जंगल भागात मात्र नदीच्या पातळीपेक्षा कणकुंबी परिसरातला पाऊस पाहावा लागेल.

मग नियम असा का असू नये? पूररेषेतील गावे आणि त्या गावांतील अंत्योदय व बीपीएल कुटुंबे, वेतनधारक वृद्ध, विधवा, अपंग यांची यादी ३१ मेपर्यंत कायम करायची. ठरलेल्या ठिकाणी पाण्याने ठरलेली पातळी ओलांडली की २४ तासांत त्या कुटुंबाच्या खात्यावर ५,००० रुपये जमा करायचे. पंचनामा नाही, अर्ज नाही. टेम्पो ठरवून धान्य, भांडी आणि जनावरे हलवायला हा पैसा उपयोगी पडेल. घराच्या आणि पिकाच्या मोठ्या भरपाईसाठी पंचनामा अवश्य व्हावा, पण तो नंतर, सावकाश आणि नीट व्हावा. समजा एखाद्या गावात अशी ४०० कुटुंबे असली तर खर्च २० लाख रुपये येतो. पूर्ण पडलेल्या चार घरांच्या भरपाईएवढीच ही रक्कम झाली.

‘पण पाणी आलेच नाही तर पैसे फुकट जातील,’ असा आक्षेप येईल. एखाद्या वर्षी तसे होईलही. पण तो पैसा त्याच गरीब घरात जाणार आहे. छत्री घेऊन निघालो आणि पाऊस आला नाही म्हणून कोणी छत्री फेकून देत नाही.

यादी चाळणी होऊ नये

आता सावधगिरीची गोष्ट. सरकारच्या हाती एकत्र झालेली माहिती मदतीसाठी वापरता येते, तशी नावे गाळण्यासाठीही वापरता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकात अनेक बीपीएल कार्डे अपात्र ठरवून एपीएलमध्ये ढकलली गेली. लोकांनी ओरड केल्यावर सरकारला माघार घ्यावी लागली. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून नुकसानभरपाईसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. कागल-गडहिंग्लजकडे जमीन आणि वस्ती मात्र निपाणी-संकेश्वरकडे, अशी कितीतरी कुटुंबे सीमेवर आहेत. दोन राज्यांच्या दोन याद्या आणि दोन्हींत नाव अर्धवट, अशी त्यांची गत होऊ शकते. त्यामुळे पहिल्या हप्त्यासाठी नियम स्पष्ट हवा. शंका असली तर नाव ठेवायचे, गाळायचे नाही. चौकशी पाणी ओसरल्यावर करता येते.

दुसरी गोष्ट जुनेपणाची. अन्न सुरक्षा कायद्याने ग्रामीण भागात ७५ टक्के आणि शहरी भागात ५० टक्के लोकांना धान्य देण्याची मर्यादा ठरवली, पण तिचा हिशेब २०११ च्या जनगणनेवर बसवलेला आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. मधल्या काळात लग्न होऊन वेगळी झालेली, कामासाठी गोव्याला जाऊन परतलेली, कर्ता पुरुष गमावलेली कुटुंबे जुन्या यादीत कशी सापडणार? खानापूर तालुक्यातील जंगलात राहणारे गवळी-धनगर, वीटभट्टीवरचे मजूर, ऊसतोडीच्या टोळ्या यांची नोंद गावात जाऊन, वेगळी मोहीम काढूनच करावी लागेल.

तिसरी गोष्ट गुप्ततेची. गावासमोर यादी वाचायची म्हणजे नाव आणि वस्ती वाचायची. कोणाचा खाते क्रमांक, कोणाचा आजार, कोणाचे कर्ज भिंतीवर लावायचे नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने केला आहे. पूर मदतीची यादी निवडणुकीच्या कार्यकर्त्याच्या मोबाईलमध्ये दिसली, तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही आणि पुढच्या वेळी माणसे खरी माहितीच देणार नाहीत.

भाषेचा मुद्दा कोठे येतो

आमच्या वाचकांना वाटेल की सगळीकडे भाषेचा प्रश्न घुसवण्याची आपल्याला सवयच आहे. परंतु येथे तो घुसवावा लागत नाही, तो समोर उभाच आहे. उताऱ्यावर नाव कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत आणि बँकेत तिसऱ्याच स्पेलिंगने. कोठे आडनाव आधी, कोठे वडिलांचे नाव शेवटी. संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात आणि पैसे अडकतात. ‘तुमचे नाव जुळत नाही, अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करा’ हा संदेश जिला कन्नड आणि इंग्रजी वाचता येत नाही अशा म्हातारीच्या मोबाईलवर आला, तर तिच्या दृष्टीने तो न आल्यासारखाच. मुदत संपते आणि दोष तिच्या माथी येतो.

कोणत्याही नागरिकाला आपल्या तक्रारीचा अर्ज राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो, असे घटनेचे ३५० वे कलम सांगते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही तरतूद आपण वर्षानुवर्षे निवेदनांत लिहीत आलो आहोत. फलकाच्या पाटीसाठी आपण ती जितक्या हिरिरीने मांडतो, तितक्याच हिरिरीने ती या यादीसाठी मांडली पाहिजे. पाटी दिसली नाही तर अपमान होतो. संदेश कळला नाही तर घरचा चुलाही थंड राहतो. आणि कन्नड भाषिक गरीबाचे नावही याच कारणांनी गळते, हे विसरू नये. या मागणीत तो आपला सोबती आहे, प्रतिस्पर्धी नाही.

मागायचे काय, करायचे काय

जिल्हा प्रशासनाकडे आपल्या मागण्या चार आहेत. पहिली, पूररेषेतील प्रत्येक गावाची दुबळ्या कुटुंबांची यादी रेशन, वेतन, गृहलक्ष्मी आणि फ्रूट्स यांच्या आधारे तयार करून दर वर्षी मे महिन्यात ग्रामसभेत व प्रभागात कन्नड आणि मराठीत वाचावी. दुसरी, नदीवार पातळ्या ठरवून त्या ओलांडताच पंचनाम्याविना पहिला हप्ता देण्याचा लेखी नियम करावा. तिसरी, यादीत नसलेल्यांसाठी निवारा केंद्रातच नोंद घ्यावी, त्याची पावती द्यावी आणि सात दिवसांत निर्णय कळवावा. भाडेकरू आणि वेगळी चूल यांना स्वतंत्र कुटुंब धरावे. चौथी, कोल्हापूर आणि बेळगाव या दोन जिल्ह्यांनी पाण्याची माहिती एकमेकांना द्यावीच, पण सीमेवर राहणाऱ्या कुटुंबांच्या नोंदींचाही मेळ घालावा.

परंतु केवळ निवेदन देऊन, फोटो काढून घरी जाण्याचे हे काम नाही. आपल्या प्रत्येक गावात गणेशोत्सव मंडळ आहे, महिला मंडळ आहे, वाचनालय आहे. गणपतीची वर्गणी गोळा करताना जे कार्यकर्ते एकही घर सोडत नाहीत, त्यांनी मे महिन्यातले दोन रविवार या कामाला द्यावेत. घरोघर जाऊन पाच गोष्टी पाहायच्या: रेशनकार्डावर सगळ्यांची नावे आहेत का, खाते चालू आहे का आणि आधारशी जोडलेले आहे का, मोबाईल क्रमांक आजचा आहे का, उताऱ्यावर वारसा नोंद झाली आहे का, आणि तिन्ही ठिकाणी नाव जुळते का. जेथे त्रुटी दिसेल तेथे त्या माणसाला बरोबर घेऊन ग्रामपंचायत, नाडकचेरी किंवा बँक गाठायची. एकट्या विधवेला जे काम चार महिन्यांत होत नाही, ते चार कार्यकर्ते सोबत असले की एका दुपारी होते.

बंधू-भगिनींनो, पुढचा महापूर कोणत्या वर्षी येईल हे कोणीही सांगू शकत नाही. २००५, २०१९, २०२१ ही वर्षे पाहता तो येणार, एवढे मात्र नक्की. तो येईल तेव्हा आपल्या गावातल्या शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या घराचे नाव यादीत असेल की नाही, हे पाणी चढल्यावर ठरवता येणार नाही. ते या मे महिन्यातच ठरणार आहे. शाखांनी आपापल्या गावातील पाहणीचा अहवाल मृग नक्षत्र निघण्यापूर्वी मंडळाच्या कार्यालयात पोचवावा, अशी विनंती आहे.